सी लिंकच्या केबल धरतात तरी काय?

[दृश्य: पहाटेचा वांद्रे-वरळी सी लिंक, समुद्राच्या बाजूने]

मुंबईवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, हा मनोरा त्यात दिसणारच. पण गंमत अशी की साडेपाच किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीच्या या सी लिंकमध्ये केबलनी तोललेला भाग एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. बाकी सगळा पूल समुद्रात रोवलेल्या खांबांवर उभा आहे, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

मग एवढ्याशा भागासाठी हा खटाटोप कशाला? कारण खालून होड्या जातात. माहीमच्या उपसागरातून खुल्या समुद्रात जायची वाट मोकळी ठेवायची, तर तिथे जवळजवळ खांब रोवून चालत नाही. म्हणून वांद्र्याच्या बाजूला एकच उंच मनोरा उभारला आणि त्याच्या दोन्ही अंगांना अडीचशे-अडीचशे मीटरचे गाळे, म्हणजे दोन आधारांमधली मोकळी अंतरं, सोडले. वरळीच्या बाजूचा गाळा लहान, म्हणून तिथले मनोरेही ठेंगणे.

[दृश्य: मनोऱ्याचा पाया ते माथा]

वांद्र्याचा मनोरा सव्वाशे मीटरच्या वर जातो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या रस्त्यांसाठी त्याचे पाय वेगवेगळे उठतात, आत कलत जातात आणि माथ्याजवळ एक होतात. हे कलणं नुसतं दिसण्यासाठी नाही, पण दिसतं सुरेख, हे कबूल करायला हवं.

आता वजनाचा प्रवास पाहा. पुलावरून ट्रक गेला की त्याचा भार आधी रस्त्याच्या काँक्रीटवर येतो. तिथून केबल तो तिरका वर ओढून मनोऱ्यावर नेते. मनोरा तो सरळ खाली, पाण्याखालच्या खडकात उतरवतो. झुलत्या पुलाला केबलची दोन्ही टोकं धरून ठेवायला जमिनीत प्रचंड काँक्रीटचे ठोकळे लागतात. इथे ती गरज नाही. केबल तिरकी असल्यामुळे ती रस्त्याला मनोऱ्याकडेही खेचत असते, म्हणजे आडवं दाबत असते. आणि दाब सोसणं हा तर काँक्रीटचा गुणच.

[दृश्य: केबल जिथे रस्त्याच्या कडेला शिरते ती जागा, अगदी जवळून]

वांद्र्याच्या बाजूला अशा २६४ केबल आहेत. सगळ्यात आखूड सुमारे ८५ मीटरची, सगळ्यात लांब जवळपास अडीचशे मीटरची. दुरून ती एक जाड दोरी वाटते. प्रत्यक्षात आत सात मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची जुडी असते. प्रत्येक तारेवर जस्ताचा मुलामा, आणि सगळ्यांवर मिळून प्लॅस्टिकचं वेष्टण. खारी हवा पोलादाला सोडत नाही, म्हणून ही एवढी काळजी.

बांधतानाची कसोटी वेगळीच होती. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाच्या एकाच टोपलीत भर घातली तर तो कलंडतो. मनोऱ्याचंही तसंच. आधीच ओतून तयार केलेला, शंभर टनांहून जड तुकडा एका बाजूला बसवला की दुसऱ्या बाजूलाही तसाच बसवायचा, केबल लावायच्या, जॅकने ताणायच्या, पातळी मोजायची, मगच पुढचा तुकडा. उन्हाने पोलाद आणि काँक्रीट वेगवेगळं तापतं आणि पातळी फसवते. म्हणून अशा पुलांवर नेमकी मोजमापं ऊन चढायच्या आत घेतात.

३० जून २००९ रोजी पुलाचं उद्घाटन झालं. त्या वेळी फक्त चार मार्गिका सुरू झाल्या, आठही मार्गिका पुढच्या वर्षी मार्चमध्ये. पायी चालणारे आणि दुचाकीस्वार यांना इथे प्रवेश नाही, त्यामुळे बहुतेक मुंबईकरांनी या केबल धावत्या गाडीच्या काचेतूनच पाहिल्या आहेत.

[दृश्य: वरळी कोळीवाडा, किनाऱ्यावरच्या होड्या]

खालच्या पाण्याचा हिशोब मात्र कोळ्यांनी सोडला नाही. कोस्टल रोड सी लिंकला जोडायची वेळ आली, तेव्हा दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रात होडी त्यातून सुखरूप कशी काढायची, असं विचारत वरळीच्या मच्छीमारांनी काम अडवून धरलं. शेवटी मधला एक खांब रद्द झाला, अंतर १२० मीटर झालं, आणि २०२४ मध्ये तो मोठा गाळा ओलांडायला कमानीची अजस्र तुळई बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर, लादून समुद्रातून आणावी लागली.