‘दिसला नाही’ हेही लिहा

पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रकाशवक्रांवरून विश्वाची अंतरं’. प्रकाशवक्र म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं त्याचा आलेख. तिथपर्यंत मी पोहोचेन अशी आशा ठेवा. त्याआधी मला एका नोंदीची वकिली करायची आहे, जिचा सगळ्यांना कंटाळा: ‘तारा दिसला नाही’.

नवताऱ्यांच्या, म्हणजे अचानक भडकणाऱ्या ताऱ्यांच्या, मागावर असलेल्यांच्या वह्या चाळा. काही दिसलं त्या रात्री पान भरून मजकूर, नाही दिसलं की पान कोरं. आता कोऱ्या पानाचा अर्थ काय लावायचा? ढग होते? डोळा लागला? की आकाश स्वच्छ होतं, दुर्बीण नेमकी तिथेच रोखलेली होती आणि साडेसातव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) तिथे काहीच नव्हतं? यातलं तिसरं उत्तर सोन्यासारखं. ते ‘<७.५’ एवढंच लिहायचं: ७.५ प्रतीहून मंद. म्हणजे आकड्याने मोठा, तेजाने लहान. हसू नका, प्रतींचा हा उलटा कारभार मी सुरू केलेला नाही.

२३ फेब्रुवारी १९८७. जागतिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी जपान आणि अमेरिकेतल्या भूमिगत टाक्यांमध्ये मिळून जेमतेम वीस न्यूट्रिनो, म्हणजे कोसळत्या ताऱ्याच्या गाभ्यातून निसटणारे सूक्ष्म कण, नोंदले गेले. मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, एका ताऱ्याचा गाभा कोसळून तारा फुटला होता. कुणाला तेव्हा पत्ताही नाही. डेटा नंतर तपासला गेला. त्यानंतर पावणेदोन तासांनी न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट जोन्स आपल्या नेहमीच्या ताऱ्यांच्या प्रती ठरवत त्याच भागातून गेले. हा माणूस हौशी बरं का, आणि आयुष्यात पाच लाखांवर नोंदी! त्यांना तिथे नवं काही दिसलं नाही. आणखी तासाभराने ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी घेतलेल्या छायाचित्रात मात्र सहाव्या प्रतीचा ठिपका होता.

आता जोन्स यांची नोंद मधून काढून टाका. उजेड केव्हा बाहेर पडला, हे मॅकनॉटच्या आधी कधीतरी एवढंच उरतं. ती ठेवली की प्रकाशवक्राची सुरुवात चिमटीत सापडते: गाभा कोसळल्यापासून पृष्ठभाग भडकून नजरेत येईपर्यंत फक्त दोन-तीन तास. तांबडा महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेला, तारा असता तर स्फोटाच्या धक्कालहरीला बाहेर यायला जवळपास दिवस लागला असता. म्हणजे फुटलेला तारा आटोपशीर असणार. जुन्या छायाचित्रांत त्या जागी निळा महाराक्षसी ताराच सापडला, सँड्युलीक −६९ २०२. एका ‘नाही’ने ताऱ्याच्या आकाराची साक्ष दिली, मंडळी!

याच्या उलट अमेरिकेतले हौशी निरीक्षक लेस्ली पेल्टिए. उत्तर मुकुटातला टी तारा १८६६ मध्ये भडकला होता. पेल्टिए पंचवीसहून अधिक वर्षं त्याच्यावर पहारा देत होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका पहाटे गजर झाला, उठले, सर्दी होईलसं वाटलं आणि परत पांघरुणात शिरले. तारा नेमका त्याच रात्री भडकला. त्या ताऱ्याला त्यांनी पुढे कधी माफ केलं नाही म्हणतात.

माझी दुसरी तक्रार, थोडक्यात. एका गटाच्या नवताऱ्याच्या नोंदी मी पाहिल्या, सगळ्यांचा आकडा दशांशासकट एकच! पहिल्याने आकडा कळवला आणि बाकीच्यांनी तोच ‘पाहिला’. अहो, नवतारा शिखरानंतर हायड्रोजनच्या लाल उजेडामुळे तांबूस होतो, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो उगाच तेजस्वी भासतो. चांगल्या निरीक्षकांतही दोन-तीन दशांशांचा फरक पडायलाच हवा. ७.२ आणि ७.८ प्रतींचे दोन तुलना-तारे घ्या, आपला तारा तेजस्वीकडून एक तृतीयांश अंतरावर वाटला तर ७.४ लिहा आणि मगच इतरांचं बघा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर अंतरं. नवताऱ्यात श्वेत बटूच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याच्या, पृष्ठभागावर साठलेला हायड्रोजन पेटतो, बटू शाबूत राहतो. आयए प्रकारच्या अतिनवताऱ्यात बटूच उडतो आणि शिखराला निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावरून दिसेल ती प्रत, साधारण −१९.३ असते. पुढचा उजेड किरणोत्सारी निकेल-५६ चा, अर्धायुष्य सहा दिवस. मग कोबाल्ट-५६, ७७ दिवस. म्हणून उतार आधी तीव्र, मग संथ. मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं की शिखरानंतरच्या पंधरा दिवसांत जो हळू मंदावतो, तो मुळात जास्त तेजस्वी. उतार मोजा, खरं तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर हातात. अर्थात शिखर सापडलं तर. चढावरचे बिंदू आणि त्याआधीचं ‘दिसला नाही’ नसेल, तर शिखर कुठे होतं यावर नुसते अंदाज. हीच पद्धत वापरून १९९८ मध्ये दोन गटांना दूरचे अतिनवतारे अपेक्षेहून मंद आढळले आणि विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं.

उठायला सांगतायत. प्रश्न बाहेर विचारा. ‘डार्क एनर्जी म्हणजे काय’ हा सोडून कुठलाही.