देवमाता: एफेसच्या परिषदेत वाद कोणाविषयी होता?

येशूची आई मरिया हिच्याविषयी बोलताना आपण तीन काळांतले साहित्य सर्रास एकत्र कालवतो: नव्या करारातले उल्लेख, दुसऱ्या शतकातल्या कथा आणि पाचव्या शतकात एफेस (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन शहर) इथे भरलेल्या धर्मपरिषदेचा, म्हणजे बिशपांच्या सभेचा, निर्णय. आधी हे वेगळे करू.

बायबलमधला नवा करार तिच्याविषयी थोडेच सांगतो. प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो की देवाचा पुत्र स्त्रीपासून जन्मला. त्या स्त्रीचे नाव तो देत नाही. शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, लिहिणाऱ्यांपैकी मार्ककडे जन्मकथाच नाही. कुमारीच्या गर्भधारणेची हकिकत मत्तय आणि लूक देतात. योहान तिला काना गावातल्या लग्नात आणि क्रुसाजवळ दाखवतो, पण दोन्हीकडे ती फक्त ‘येशूची आई’. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात ती शिष्यांसोबत प्रार्थनेत दिसते, पुढे त्या पुस्तकात तिचे नाव येत नाही.

मग तिचे आईवडील योआकिम आणि अन्ना कुठून आले? ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या दुसऱ्या शतकातल्या पुस्तकातून. तीन वर्षांच्या मरियेला मंदिरात नेऊन सोडले आणि देवदूत तिला खाऊ घालत असे, हेही तिथलेच. हे पुस्तक बायबलमध्ये कधी गेले नाही, पण सणांच्या दिनदर्शिकेत खोल मुरले. ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण असतो आणि वांद्र्याची मोत माउलीची जत्रा त्याच सुमारास भरते. त्या जन्माची कथा बायबलमध्ये शोधाल तर सापडणार नाही.

आता ज्यावर खरी कुस्ती झाली तो शब्द: थिओटोकोस, म्हणजे देवाला जन्म देणारी. ४२८ साली नेस्तोरियस कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप झाला. त्याला हा शब्द खटकला. देवाला आई कशी असेल? ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’ म्हणा, असे त्याचे म्हणणे. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने यातली गोम ओळखली: मरियेच्या पोटी आलेला आणि देवाचा पुत्र हे दोघे वेगळे धरले, तर क्रुसावर मेला तो कोण? म्हणजे वाद मरियेच्या नावाने चालला तरी प्रश्न ख्रिस्ताचा होता. हे नीट धरले नाही, तर पुढचे सगळे चुकते.

२२ जून ४३१ रोजी एफेसमधल्या मरियेच्याच चर्चमध्ये सिरिलने परिषद सुरू केली. अंत्युखियाचा बिशप योहान आणि त्याच्यासोबतचे बिशप अजून वाटेत होते, तरीही. नेस्तोरियसला पदच्युत केले. योहान काही दिवसांनी पोचला आणि त्याने वेगळी बैठक घेऊन सिरिललाच पदच्युत केले! सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने आधी दोन्ही निकाल मान्य केले. सिरिलच्या माणसांनी दरबारात गालिचे, हस्तिदंती खुर्च्या आणि सोने पाठवले, त्याची यादीच उपलब्ध आहे. धर्मशास्त्र शुद्ध असले तरी ही वाट शुद्ध नव्हती. अखेर ४३३ साली योहान आणि सिरिल यांच्यात समेटाचा मसुदा ठरला. त्यात थिओटोकोस हा शब्द राहिला, आणि ख्रिस्ताचे दैवी व मानवी असे दोन स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, हेही स्पष्ट झाले.

एफेस हे आर्टेमिस देवीचे शहर, म्हणून तिथे देवीच्या जागी मरिया बसवली, असे अनेकदा ऐकू येते. कालक्रम पाहिला की हा तर्क कोलमडतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर याच्या पत्रात थिओटोकोस हा शब्द सुमारे ३२४ साली येतो. ३६३ साली मरण पावलेला सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, ‘तुम्ही मरियेला थिओटोकोस म्हणणे काही थांबवत नाही’ अशी तक्रार करतो. परिषदेने नवी देवी घडवली नाही. आधीच रुळलेल्या शब्दाचा अर्थ बांधून दिला. निष्कलंक गर्भधारणा (मरिया स्वतः आदिपापाशिवाय गर्भात आली) आणि स्वर्गोद्ग्रहण (ती सदेह स्वर्गात गेली) हे विषय तिथे निघालेच नाहीत. रोमने त्यांना सिद्धान्ताचे रूप दिले ते १८५४ आणि १९५० साली.

नेस्तोरियसला पुढे इजिप्तमध्ये हद्दपार केले. त्याला दोषी न मानणारी पूर्वेकडची ख्रिस्तसभा मात्र टिकली. केरळात त्रिशूरमध्ये तिचे अनुयायी आजही आहेत. ते मरियेला ‘ख्रिस्तमाता’ म्हणतात. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि या सभेचे प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. दोन्ही उपाध्यांमागची श्रद्धा एकच आहे, असे त्यात म्हटले आहे.