कोकण किनाऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये ससा: घर सुरक्षित कसे करावे

नमस्कार मंडळी. ससा पाळण्याविषयी जी माहिती सहज सापडते ती बहुतेक थंड हवेच्या देशांतली असते. आपला मे महिन्याचा उकाडा, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तिच्यात धरलेला नसतो. म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर फ्लॅटमध्ये ससा ठेवणाऱ्यांनी वायरी आणि कुंड्या यांच्याइतकाच हवेचाही बंदोबस्त केला पाहिजे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. काजूच्या बागेत किंवा कातळावर सापडलेले रानसशाचे पिल्लू उचलून घरी आणू नये. तो वेगळा प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि बंद घरात तो भीतीनेच खंगतो. आज आपण बोलणार आहोत ते पाळीव जातीच्या सशाविषयी.

आता कॅमेरा जमिनीलगत आणू या. सशाला घर दिसते ते या उंचीवरून. उभ्याने पाहिल्यावर नीटनेटकी वाटणारी ही खोली इथून पाहा: फ्रिजच्या मागे लोंबणारी वायर, टीव्हीखालचा एक्स्टेन्शन बोर्ड, कोपऱ्यातला इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीच्या जाड केबल. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला साधारण १० ते १२ सेंटीमीटर, त्यामुळे चावणे ही त्याची खोड नसून गरज आहे आणि ओरडून ती थांबत नाही. ही चार्जरची वायर जवळून पाहा. उंदराने कुरतडल्यासारख्या ओबडधोबड खुणा तिच्यावर नाहीत; कात्रीने कापावी तसे एका फटक्यात तिचे दोन तुकडे झाले आहेत. चार्जरच्या वायरीत दाब कमी असतो, परंतु फ्रिजच्या वायरीत २३० व्होल्ट असतात.

उपाय सोपा आहे. ज्या वायरी वर घेता येतील त्या भिंतीवर तीन फुटांच्या वर केसिंग पट्टीत घालाव्यात, आणि ज्या खालीच राहणार त्या कडक पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. मऊ प्लास्टिकची गुंडाळी ससा काही दिवसांत फाडतो. इन्व्हर्टर मात्र सशाच्या वावरातून पूर्णपणे बाहेर ठेवावा, कारण पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते आणि त्या काळात ही जोडणी कायम जिवंत राहते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. तो माणसासाठीही हवाच, पण त्याच्या भरवशावर वायर उघडी ठेवू नये.

फरशीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते, त्यामुळे गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकतात आणि घाबरून उडी मारताना पाठीच्या कण्यालाही इजा होऊ शकते. कायम कडक किंवा ओल्या जागी बसल्याने टाचेची लव झडते आणि तिथे जखम होते. आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घेऊन टाच पाहावी. लव विरळ होऊन गुलाबी कातडी दिसू लागली तर अंथरूण बदलण्याची वेळ झाली आहे. जाड सुती सतरंजी चांगली, पण पावसात ती वाळत नाही, म्हणून दोन-तीन ठेवून आलटून पालटून वापराव्यात. प्लास्टिकच्या धाग्यांचे गालिचे टाळावेत. ते धागे पोटात अडकतात, आणि सशाला उलटी करता येत नाही.

उष्णता हा किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा धोका आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांवाटे बाहेर पडते. हवा २८ ते ३० अंशांच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मार्चपासून पाऊस येईपर्यंत दुपारचा पारा बहुधा त्याच्या वरच असतो. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. सशाला त्याचा तेवढा उपयोग नाही. पश्चिमेकडची, समुद्राकडे तोंड असलेली खोली दुपारनंतर तापते, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबचीही भर पडते. सशाला दिवसा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत, खालच्या गार फरशीच्या तुकड्याजवळ ठेवावे. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून, सुती फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवाव्यात. वळवाच्या वादळात वीज गेली की एसी बंद पडतो, म्हणून अशा तीन-चार बाटल्या नेहमी तयार असाव्यात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, कान तापणे, लाळ गळणे, आडवे पडून राहणे अशी लक्षणे दिसली तर कानांना साधे पाणी लावावे आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पावसाळ्यात संकट दमटपणाचे असते. सशाच्या आहाराचा मोठा भाग सुके गवत असते, आणि जूनपासून त्याच गवताला बुरशी धरते. मूठभर गवत झटकून पाहावे: कोंदट वास आला, धूळ उडाली किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले तर ते टाकून द्यावे, कितीही महाग असले तरी. गवत झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावे. भाताचा पेंढा अंथरायला चालेल, पण गवताची जागा तो घेऊ शकत नाही. लघवीने ओले झालेले अंथरूण अंगाला चिकटून राहिले तर माशा शेपटीजवळच्या लवेत अंडी घालतात, आणि एका दिवसात त्यांतून अळ्या निघू शकतात. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिथे हात फिरवून पाहावे.

बाल्कनीत कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी सशासाठी निरुपयोगी आहे, कारण ती तो कापतो. ग्रिलच्या आतून एक इंची भोकांची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी लावावी आणि खाऱ्या हवेने तिचे सांधे गंजले नाहीत ना, हे पाहत राहावे. ग्रिलचा आणि जुन्या दारांचा सुटलेला रंगही खरवडून घ्यावा. रंगातल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. जाळी असली तरी घार, कावळे आणि मांजरे यांच्या भीतीने ससा दगावू शकतो, म्हणून त्याला बाल्कनीत एकटे सोडू नये. तळमजल्यावर राहत असाल तर मोरीच्या भोकालाही जाळी हवी, कारण पावसात सापही आसरा शोधत येतो.

कण्हेर, रुई, घाणेरी, मनी प्लांट आणि कच्चा अळू ही झाडे सशासाठी विषारी आहेत. कुंड्या उंचावर ठेवल्या तरी गळलेली पाने खाली येतातच. गणपतीच्या दिवसांत याची विशेष काळजी घ्यावी. गौरीसाठी रानातून आणलेल्या फुलांत कळलावी असेल तर तिचा एकही तुकडा जमिनीवर राहू देऊ नये, ती अतिशय विषारी आहे. शिवाय आरासीच्या लाइटच्या माळा, मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी आणि सताड उघडे दार असते. तेवढे दिवस सशाला आतल्या खोलीत, दाराला कडी घालून ठेवणेच बरे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि उंदराचे औषध यांनाही सशाच्या घरात जागा नाही.

डॉक्टरची चौकशी आजच करून ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणचा पशुवैद्यकीय दवाखाना बहुतांशी गाईगुरांचा असतो, आणि रत्नागिरीहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकणे थांबवले, तर सकाळची वाट पाहू नये. कुत्र्याच्या पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिल सशाला लावू नये, आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक देऊ नये. दोन्ही त्याच्या जिवावर बेततात. ही दोन नावे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी घरात जे कोणी असेल ते डॉक्टरला ती दाखवू शकेल.