पित्तनलिकेतला अवघड खडा आणि नळीची तारीख

नमस्कार, श्रोतेहो.

पित्ताशयात खडे आहेत असं माणूस तुमच्या नात्यात नाहीतर शेजारात नक्की असेल. आज बोलायचंय ते त्या पिशवीतून निसटून पित्तनलिकेत उतरलेल्या खड्यांबद्दल. यकृतातलं पित्त आतड्यात आणणारी ही नलिका एरवी जेमतेम ६ मिलीमीटर रुंद. तिथं खडा अडकला की पोटात वरच्या अंगाला कळ येते, डोळे पिवळे होतात, थंडी वाजून ताप चढतो. कळ, कावीळ आणि थंडीताप. हे तिन्ही एकत्र दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ओवा-सोडा घेऊन वाट बघू नका, कावीळ उतरवणाऱ्या माळेच्या नादी लागू नका. त्याच दिवशी! आणि पिशवीचं ऑपरेशन पूर्वी झालं असलं तरीसुद्धा, कारण पिशवी काढल्यावरही नलिकेत खडा सापडतो.

१९७४ साली जर्मनीत एर्लांगेनला आणि जपानमध्ये क्योतोला डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचं तोंड थोडं कापलं आणि पोट न फाडता खडे काढायची वाट उघडली. त्यालाच आपण ईआरसीपी म्हणतो. बहुतेक खडे फुग्यानं किंवा तारेच्या जाळीनं ओढून निघतात. काही मात्र निघत नाहीत. १५ मिलीमीटरहून मोठे, गच्च रुतलेले, किंवा खाली नलिकाच अरुंद झालेली. हे अवघड खडे.

माण तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट सांगतो. वय सत्तरीच्या पुढं, हृदय कमजोर. आमच्याकडे आणलं तेव्हा अंगात ताप, डोळे हळदीसारखे पिवळे, बोलणं असंबद्ध. फोटोत पाहिलं तर नलिकेत प्लास्टिकची नळी आणि तिच्या वरच्या टोकाला धरून बसलेला भला मोठा खडा. मुलाला विचारलं, "ही नळी कधी बसवली?" त्याला आठवेना. गावाकडं फोन झाला. सूनबाईंनी घर पालथं घातलं, तेव्हा सातबाऱ्याच्या पिशवीत एका रुग्णालयाचं कार्ड सापडलं. दीड वर्षापूर्वीचं. तेव्हाही खडा मोठा होता, आजींना ताप होता, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून पित्ताला वाट करून दिली होती. अगदी योग्य केलं होतं. कार्डावर लिहिलंही होतं, तीन महिन्यांनी या. पण ते होतं इंग्रजीत, बारीक अक्षरात.

आम्ही आधी जुन्या नळीच्या बाजूनं नवी नळी सरकवली. पू आणि गढूळ पित्त भळाभळा वाहिलं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, आजी माणसं ओळखू लागल्या. मी म्हटलं, "आजी, तीन महिन्यांनी बोलावलं होतं, गेला का नाही?" त्या म्हणाल्या, "बरं वाटलं की मला, मग कशापायी जायाचं?"

या उत्तरावर रागवायचं कुणी आणि कसं? बरं वाटतं ते नळीमुळं. खडा तिथंच असतो. नळी तुंबते, तिच्यावर गाळ धरतो, जंतू वाढतात. आजींचा तर खडाच नळीवर वाढला होता. माझं ठाम मत आहे, रुग्णालयाचं कार्ड मराठीत आणि मोठ्या अक्षरात हवं. एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा सगळ्यांना वाचता येतील अशा लावतात ना?   

अंगात ताकद आल्यावर आजींना पुन्हा घेतलं. मोठ्या दुर्बिणीतून साडेतीन मिलीमीटर जाडीची दुसरी दुर्बीण थेट नलिकेत नेली. पडद्यावर खडा समोर दिसत होता, तपकिरी, नळीला घट्ट मिठी मारलेला. लेझरची तार त्याला टेकवली. आधी नुसती धूळ उडाली, मग एक भेग गेली, मग कपचे सुटले. नळ्या मोकळ्या होऊन निघाल्या आणि तुकडे फुग्यानं आतड्यात ओढले. शेवटी नलिकेत औषध सोडून फोटो घेतला, नलिका स्वच्छ. जाताना मुलानं विचारलं, "साहेब, आता नळी नाही ना आत?" नाही. एकही नाही.

प्रत्येक अवघड खड्याला लेझर लागतोच असं नाही. बऱ्याचदा १२ ते २० मिलीमीटरच्या मोठ्या फुग्यानं नलिकेचं तोंड रुंदावलं की काम होतं, किंवा खडा मजबूत जाळीत पकडून आतच चिरडता येतो. एका बैठकीत जमलं नाही, तर नळी घालून थांबायचं. म्हणून पुन्हा सांगतो, नळी म्हणजे उपचाराचा शेवट नव्हे. नळी बसवली की घरातल्या दोघांनी तारीख लिहून ठेवा, आणि बरं वाटत असलं तरी त्या तारखेला जा.

या उपचाराला धोका आहे, तोही ऐकून ठेवा. काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडतं. सूज टाळायला गुदद्वारातून औषधाची गोळी देतात, तिला लाजू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरी गेल्यावर पोटात जोराची कळ आली, ताप आला किंवा शौचाला काळं झालं, तर रात्र असली तरी परत या.

नमस्कार.