हॉटेल हटल्यावर : कहालुऊचा किनारा

(दृश्य : आकाशातून किनारा. काळा लाव्हा, उथळ हिरवे पाणी, मधोमध मोकळी जमीन.)

हवाई बेटाच्या पश्चिमेला, कोना भागातील कैलुआ गावाच्या दक्षिणेस कहालुऊ नावाचे लहानसे आखात आहे. त्याच्या काठावरील ही मोकळी जमीन निसर्गाने मोकळी ठेवलेली नाही. तीनशेहून अधिक खोल्यांचे केआउहोऊ बीच हॉटेल काही वर्षांपूर्वीपर्यंत येथे उभे होते आणि त्याची एक बाजू भरतीचे पाणी साचणाऱ्या खडकाळ डबक्यांपर्यंत गेलेली होती. आता त्या जागी शिक्षण केंद्र उभारण्याची योजना आहे.

१९५९ साली हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि जेट विमानांमुळे मुख्य भूमी काही तासांच्या अंतरावर आली. कोनाचा नवा विमानतळ १९७० साली सुरू झाला, आणि हे हॉटेलही त्याच सुमाराचे. जागा निवडणाऱ्यांची नजर समुद्राकडे होती. मात्र याच जागेवर दगडी देवस्थानांचे चौथरे होते, पिण्याच्या पाण्याचे झरे होते आणि जवळच राजा कालाकाउआचे समुद्रकाठचे घरही होते.

(दृश्य : ओहोटी. हापाइअलीचा चौथरा, भोवती पाणी.)

हा हापाइअली हेइआऊ. हेइआऊ म्हणजे जुन्या हवाई धर्मातील उपासनेचे स्थान. कार्बन चाचणीनुसार हा चौथरा १४११ ते १४६५ या काळात बांधला गेला. लाटांनी आणि काळाने त्याची पडझड झाली होती, आणि २००७ साली तो पुन्हा रचण्यात आला. त्यासाठी ना चुना वापरला, ना सिमेंट. कोकणातला गडगा ज्यांनी रचताना पाहिला आहे, त्यांना हे काम लगेच ओळखीचे वाटेल. फक्त येथे दगड जांभ्याचा नसून लाव्हाचा आहे आणि भिंतीला शेताची हद्द नव्हे, तर महासागर अडवायचा आहे.

(दृश्य : हात, दगड, पुन्हा हात. जवळून.)

या रचनेला हवाई भाषेत ‘उहाऊ हुमु पोहाकु’ म्हणतात. तळाशी ‘निहो’ नावाचे मोठे दगड असे बसवतात, की त्यांचा जास्तीत जास्त भाग भिंतीच्या पोटात जावा. त्यावरचा प्रत्येक थर किंचित आत झुकवतात आणि गाभ्यात लहान दगडांची भर घालतात, म्हणजे लाटेचे पाणी आत शिरले तरी भिंतीला न ढकलता गाळून बाहेर पडते. दगड शक्यतो फोडायचा नसतो, त्याला शोभेल अशी जागा शोधायची असते, त्यामुळे कारागिराचा बराचसा वेळ बांधण्यापेक्षा पाहण्यातच जातो. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही, आणि येथे शिक्षण केंद्र का हवे, याचे सर्वांत सरळ उत्तर आम्हाला याच दृश्यात मिळाले.

(दृश्य : सूर्यास्त, चौथऱ्यावरून.)

पुनर्रचनेनंतर आणखी एक गोष्ट नजरेस आली. चौथऱ्याच्या मध्यभागी असलेल्या दगडामागे उभे राहून पाहिले, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवशी सूर्य नैर्ऋत्य कोपऱ्यावर मावळतो, जूनमधील सर्वांत मोठ्या दिवशी वायव्य कोपऱ्यावर आणि विषुवदिनी मध्यरेषेवर. वर डोंगरउतारावर रताळी, तारो (अळूचा कंद) आणि नीरफणसाची विस्तीर्ण शेती होती, म्हणून ऋतूंचा हिशेब ठेवणे ही येथील रोजची गरज होती.

शेजारी केएकू हेइआऊ आहे. परंपरा सांगते की शेजारच्या माउई बेटाचा राजा कामालालावालू हवाई बेटावर चालून आला, येथील राजा लोनोइकामाकाहिकीकडून हरला आणि येथे त्याचा बळी दिला गेला. समोरच्या लाव्हावर त्याची म्हणून सांगितली जाणारी आकृती कोरलेली आहे, पण ती ओहोटीलाच दिसते.

(दृश्य : खडकावरील आकृती. निवेदन नाही.)

ही जमीन कामेहामेहा स्कूल्स या संस्थेची आहे. हवाई बेटे एका सत्तेखाली आणणारा राजा पहिला कामेहामेहा, त्याची पणती राजकन्या बर्निस पाउआही बिशप हिने १८८३ साली मृत्युपत्र करून आपली जमीन शाळांसाठी ठेवली. पुढच्याच वर्षी ती वारली आणि १८८७ साली मुलांची शाळा सुरू झाली. आज संस्थेकडे सुमारे ३,६५,००० एकर जमीन असून ती हवाईतील सर्वांत मोठी खाजगी जमीनदार आहे. याच शाळेत सुरुवातीच्या काळात मुलांना हवाई भाषा बोलण्यास मनाई होती. १८९३ साली राणी लिलिउओकालानीची सत्ता उलथवल्यावर १८९६ च्या कायद्याने सर्वच शाळांतून इंग्रजी हे माध्यम सक्तीचे झाले, आणि हवाई भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. कहालुऊची योजना पाहताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही, कारण ज्या संस्थेने ही भाषा शाळेबाहेर ठेवली होती, तीच आता उत्पन्न देऊ शकणारी किनाऱ्यावरील जागा त्या भाषेच्या आणि विद्येच्या स्वाधीन करायला निघाली आहे.

(दृश्य : हॉटेलचे रिकामे सज्जे, यंत्रे, काँक्रीट.)

२०१२ च्या ऑक्टोबरअखेर हॉटेल बंद झाले आणि तेथील कामगारांचा रोजगार गेला. पाडकाम प्रत्यक्षात पुढे २०१७-१८ मध्ये झाले. ते सावकाश करणे भागच होते, कारण एका बाजूला प्रवाळ होते, दुसऱ्या बाजूला हेइआऊ, आणि यंत्राचा एक चुकीचा फेरा कुठलेही नुकसान करू शकला असता.

(दृश्य : पाण्याखाली प्रवाळ, मासे, पोहणाऱ्यांचे पाय.)

‘कहालुऊ मा काई’ या नावाने आखलेल्या योजनेत शिकणाऱ्यांसाठी मोकळ्या मंडपांसारख्या जागा, जुन्या स्थळांचे जतन आणि किनाऱ्याच्या मूळ वनस्पतींची लागवड यांचा विचार आहे. वर्ग भरवायला मोठी इमारत उभारावी लागत नाही, ही या योजनेची आम्हाला आवडलेली बाजू.

आखाताचा प्रश्न मात्र हॉटेल गेल्याने सुटलेला नाही. शेजारचे सार्वजनिक उद्यान पूर्वीइतकेच गजबजलेले असते आणि पाण्यात उतरणाऱ्यांचे पाय प्रवाळावर पडतात. २०१५ साली समुद्र तापला तेव्हा येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. वसंतात पौर्णिमेनंतर फुलकोबीच्या आकाराचे प्रवाळ बीजे सोडतात, त्या दिवसांत आता लोकांना पाण्यात न उतरण्याची विनंती केली जाते, आणि ‘रीफ टीच’ उपक्रमाचे स्वयंसेवक किनाऱ्यावर थांबून पाहुण्यांना कुठे पाय ठेवू नये हे दाखवतात. हवाईच्या कायद्यानुसार समुद्रकिनारा सर्वांचा आहे. म्हणून या केंद्राला कुंपण घालून स्वतःपुरते शिकवता येणार नाही, टॉवेल खांद्यावर टाकून येणारा पर्यटकही त्याच्या विद्यार्थ्यांत धरावा लागेल.