छातीवरचा ‘सी’ आणि अडून बसलेला कॅप्टन

मंडळी, हॉकी म्हटलं की आपल्याला खडकीचा धनराज पिल्ले आठवतो, पण आज मी त्या हॉकीबद्दल बोलणार नाहीये. इथली, कॅनडा-अमेरिकेतली, बर्फावरची, एनएचएल या लीगची. आणि त्यातही गोल-बिल सोडून कॉन्ट्रॅक्टबद्दल बोलणार आहे, म्हणजे ज्यांना झोप काढायची असेल त्यांनी मागच्या रांगेत जावं, माझी काही हरकत नाही.

मी ऑटावात आलो तेव्हा सेनेटर्स ही टीम नवीनच होती, ९२ साली लीगमध्ये आलेली, सुरुवातीची काही वर्षं नुसता मार खाल्लेली. मग हळूहळू जमायला लागलं आणि ९८-९९ च्या सीझनला तर धमालच झाली. कॅप्टन होता अलेक्सेई याशिन, रशियन, मोठा धिप्पाड सेंटर. त्या सीझनला ४४ गोल, ५० असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, दोन्ही मिळून ९४ पॉइंट. लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूला हार्ट ट्रॉफी देतात, त्यात पिट्सबर्गच्या यारोमिर यागरच्या मागे दुसरा आला. टीमचे लीगच्या तक्त्यात १०३ पॉइंट झाले. आणि मग प्लेऑफमध्ये पहिल्याच राउंडला बफलोने ४-० ने झोपवलं, त्या चार मॅचमध्ये याशिनचा एकही पॉइंट नाही. बफलोचा कॅप्टन होता मायकल पेका, हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणारे.

आता याशिनच्या कॉन्ट्रॅक्टचं अजून एक वर्ष शिल्लक होतं, ३६ लाख अमेरिकन डॉलरचं. तो म्हणाला, एवढ्यावर नाही खेळणार, नवीन करा. क्लब म्हणाला, सही तुझीच आहे बाबा, खेळ. तो आलाच नाही. क्लबने सस्पेंड केलं, कॅप्टनपद काढून घेतलं आणि ‘सी’, म्हणजे कॅप्टनच्या जर्सीवर छातीशी असतं ते अक्षर, दिला डॅनियल आल्फ्रेडसनला. याशिन अख्खा ९९-२००० चा सीझन घरी.

आपल्याकडे लग्नात जावई रुसून बसतो ना, तसं वाटतं सुरुवातीला. पण जावयाला कोणी सस्पेंड करत नाही! इथे गावात राग किती होता ते सांगतो, एका सीझन तिकीटवाल्याने याशिनवर कोर्टात दावा ठोकला. कारण काळही तसाच होता बघा, कॅनेडियन डॉलर पडलेला, तिकिटाचे पैसे येणार कॅनेडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये. २००० च्या जानेवारीत फेडरल सरकारने कॅनडातल्या टीम्सना मदत जाहीर केली आणि लोक इतके भडकले की तीन दिवसांत मागे घेतली. अशा वेळी कॅप्टन जास्त पैशासाठी घरी बसलाय म्हटल्यावर कोण त्याची बाजू घेणार?

पण मला लोकांच्या रागापेक्षा ड्रेसिंग रूममध्ये काय होतं ते महत्त्वाचं वाटतं. बाहेरून आपल्याला वाटतं की इतर खेळाडू चिडत असतील. तसं सरसकट नसतं. त्यांनाही एजंट आहेत, एकाचा भाव वाढला की उद्या दुसरा तोच आकडा दाखवून मागतो. त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट संपलंय आणि पोरगा चांगल्या रकमेसाठी अडून बसलाय, हे रूमला कळतं, कोणी तोंड वाकडं करत नाही. प्रॉब्लेम होतो तो केलेल्या सहीवरून फिरल्यावर. कारण कॅप्टन म्हणजे काय, नियमात बघितलं तर रेफ्रीशी बोलायचा हक्क त्याला आणि ‘ए’ लावलेल्या दोघातिघा उपकप्तानांना, बास, एवढंच. बाकी सगळं अलिखित. कोच चिडला की मधे पडायचं, विशीतल्या नवीन पोराला घरी जेवायला न्यायचं, हरल्यावर पत्रकारांसमोर आधी आपण उभं राहायचं. तो ‘मी इथे आहे’ हे रोज दाखवत असतो म्हणून बाकीचे ऐकतात. तोच सप्टेंबरच्या सराव कॅम्पला नाही आला तर ‘सी’ शिवलेला जर्सी कोणाच्या अंगावर चढवायचा हो?

आणि गंमत अशी की टीम बुडाली नाही. याशिनशिवाय त्या सीझनला ९५ पॉइंट झाले, प्लेऑफलाही गेले. म्हणजे त्याच्या जागी उभं राहायला माणसं तयार होती, त्यांना जागा मिळाली. आल्फ्रेडसन मग २०१३ पर्यंत कॅप्टन राहिला, २००७ ला टीम स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला नेली. शांत स्वीडिश माणूस. याशिन बसला नसता तर त्याला ते पद कधी मिळालं असतं कोण जाणे.

याशिनचं म्हणणं होतं की ते वर्ष उलटलं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं. भांडण सोडवायला नेमलेला आर्बिट्रेटर म्हणाला नाही, एक सीझन तू अजून देणं लागतोस. मग आला, खेळला, ४० गोल केले, आणि आपल्याच रिंकमध्ये लोक त्याला हुर्यो करायचे. मीपण केलीय एकदा, खोटं कशाला बोलू.

आता पेका. बफलोचा कॅप्टन, त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, रक्कम जुळेना, तो २०००-०१ चा पूर्ण सीझन बसला. जून २००१ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्या, वीकेंडला न्यूयॉर्क आयलंडर्सने याशिनला घेतलं आणि पेकालाही घेतलं. दोघंही एक-एक अख्खा सीझन घरी बसलेले, दोघंही माजी कॅप्टन, एकाच क्लबमध्ये! याशिनला १० वर्षांचे पावणेनऊ कोटी डॉलर, ८ कोटी ७५ लाख. आणि ‘सी’ कोणाला दिला? पेकाला. पैसे एकाला, अक्षर दुसऱ्याला. माझं जे म्हणणं आहे ते मला इथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं. बसले दोघेही, पण पेकाने केलेली सही मोडली नव्हती. आयलंडर्स १९९४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेले. याशिनला तिथे कॅप्टनपद मिळालं ते २००५ ला, पेका गेल्यावर, आणि २००७ ला क्लबने त्याचं उरलेलं कॉन्ट्रॅक्ट पैसे देऊन संपवलं.

याशिनच्या बदल्यात ऑटावाला काय मिळालं तेही ऐका, उंचच उंच झ्देनो चारा, बिल मकॉल्ट आणि ड्राफ्टमधला दुसरा नंबर, ज्यावर जेसन स्पेझा घेतला. चारा पुढे बोस्टनला जाऊन कॅप्टन झाला, २०११ ला कप उचलला. स्पेझा आल्फ्रेडसननंतर ऑटावाचा कॅप्टन. म्हणजे एक कॅप्टन घालवला तर दोन कॅप्टन आले. आणि आल्फ्रेडसन का गेला होता, तर २०१३ ला त्याचंही क्लबशी पैशावरून बिनसलं आणि तो डेट्रॉइटला गेला. पण त्याने कॉन्ट्रॅक्ट पूर्ण केलं होतं, म्हणून लोक रडले पण शिव्या नाही दिल्या, दीडेक वर्षाने रिटायर व्हायला परत आला तेव्हा सगळं रिंक उभं राहिलं.

माझा हा हिशोब सगळीकडे बसतो असं मात्र नाही. कीथ टकाचक विनिपेगचा कॅप्टन होता. १९९५ ला कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर त्याने शिकागोच्या ऑफर शीटवर, म्हणजे दुसऱ्या क्लबने देऊ केलेल्या कॉन्ट्रॅक्टवर, सही केली, नियमात बसणारी गोष्ट, कुठली सही मोडली नाही. विनिपेगने तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेतलं, पण ‘सी’ काढून क्रिस किंगला दिला. का? तर विनिपेगची टीम तेव्हा गाव सोडायच्या वाटेवर होती, आणि कॅप्टननेच दुसरं दार ठोठावलं हे लोकांना झोंबलं असणार, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी टीम फिनिक्सला गेली आणि ‘सी’ परत त्याच्याकडे.

आणि २०२१ ला आमच्या ऑटावात कीथचाच मुलगा, ब्रेडी. कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, कॅम्पला आला नाही, सीझन सुरू झाला तरी सही नाही. मी घरी बायकोला म्हटलं, झालं, पुन्हा याशिन. १४ ऑक्टोबरला सही झाली, ७ वर्षांची, आणि ५ नोव्हेंबरला ब्रेडी कॅप्टन! तीन आठवड्यांत. ते पद २०१८ पासून रिकामंच होतं. बायको अजून मला त्या ‘झालं’वरून चिडवते.