पावसात बेडकाचा आवाज धरताना

[दृश्य: कणकुंबीजवळची भातखाचरं. रात्र. हेडटॉर्चच्या झोतात पाऊस.]

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटीच्या पुढे, कणकुंबी-चोर्ल्याच्या अंगाला पावसाळ्यात रात्रभर बेडकांचा गलका असतो. चित्र मिळून जातं. पंचाईत होते ती आवाजाची. पडद्यावर एक बेडूक आणि कानावर भलत्याच जातीचा डराव, हा घोळ नावाजलेल्या माहितीपटांतही होतो. जाणकाराला तो लगेच खटकतो.

म्हणून आधी माईक. कॅमेरा चार मीटरवर राहिला तरी चालतं; माईक मात्र लांब केबल लावून बेडकाजवळ न्यायचा. अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो, मागच्या ओहोळाची खळखळ मात्र आहे तेवढीच राहते. रेकॉर्डरच्या मीटरवर लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शेजारचा नर अचानक ओरडला, तर आवाज फाटायला नको.

[दृश्य: माईकवर धरलेला काथ्याचा तुकडा, जवळून.]

थेंब थेट माईकच्या आवरणावर पडला की धप्प वाजतो. छत्री धरली तर तिचाच ताशा. त्यापेक्षा गादीतल्या रबरी काथ्याचा दोन बोटं जाडीचा तुकडा वर धरा. थेंब त्यात फुटतो आणि मुकाट झिरपतो. दमट हवेत साधा कंडेन्सर माईक चरचरू लागतो. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतले माईक ही हवा सोसतात, पण महाग. नसेल झेपत, तर दोन माईक ठेवा: एक कामावर, दुसरा सिलिका जेलच्या डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की जेल तापवून वाळवायचं.

चित्र आणि आवाज नंतर जुळवायला क्लॅप वाजवलात की अख्खं डबकं गप्प! टाइमकोड (कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींत नोंदली जाणारी एकच वेळ) वापरा, नाहीतर शॉट संपल्यावर कॅमेऱ्याला दिसेल अशी माईकपुढे टिचकी.

[दृश्य: पाण्यावर झुकलेली फांदी, मलबारी उडत्या बेडकाची जोडी, पांढरा फेस.]

मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस काढते, अंडी त्यातच घालते. फ्रेमसाठी ही फांदी ओढून बांधू नका. पुढे फेसातून गळणारी पिल्लं खालच्या पाण्यातच पडायला हवीत. फांदी हातभर सरकली तरी ती चिखलात जातात. जळवांसाठी मोज्यांना तंबाखू चोळलेला हात तर बेडकाला लागताच कामा नये. त्याची कातडी सगळं शोषून घेते.

निघण्याआधी दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज घ्या. मध्येच चोर्ल्याच्या रस्त्यावर ट्रक घरघरला, की पुन्हा पहिल्यापासून.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचा परवाना लागतो. खाचरात उतरायचं तर मालकाला दिवसाउजेडीच सांगून ठेवा. अपरात्री बांधावर बॅटऱ्या हलताना दिसल्या, की लोक काठ्या घेऊनच येतात.